गेपामावशीचं न रडणारं बाळ

गेपामावशीच्या हातात आलेलं मूल रडत नसे. बाईची सगळी कीर्ती या एका गोष्टीवर उभी होती, आणि आमच्या एशेनरोड्याच्या गढीवर जो जीवघेणा प्रकार घडला, तोही या एका गोष्टीपायीच. मी त्या गढीचा दरवान. फोल्कमार माझं नाव. मी स्वतः तिथे होतो. कुणी तुम्हाला ही हकीकत वेगळी सांगितली असेल, तर तो गृहस्थ त्या दिवशी बिअर पिऊन झोपला होता असं खुशाल समजा.

मावशी सुईण होती. अंगाने एवढीशी, काटकुळी, आणि तोंड असं की तिला लांबून पाहिलं की बाजारातल्या मासेवाल्या भांडण आवरतं घेत. नवरा तरुणपणीच वारला. पण ती कधी "वारला" म्हणायची नाही, "सोडून गेला" म्हणायची, जसा काही मुद्दाम उठून गेला होता. स्वतःची मुलं जगली नाहीत. मग तिने बदकं पाळली आणि गावाची पोरं जन्माला घातली. बदकांना ती शिव्या द्यायची आणि पोरांशी गोड बोलायची. आम्ही मोठी माणसं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होतो, बरेचसे बदकांच्या बाजूला.

पण मूल बाहेर आलं की ती बाई वेगळीच व्हायची. मूल आलं रे आलं की त्याला ती कोमट पाण्यात घालायची. पाण्यात थोडं दूध. बोटाला मध लावून टाळूला चोळायची आणि घशातल्या घशात काहीतरी गुणगुणायची. गाणं नव्हतंच ते, नुसता घुमणारा आवाज. मूल रडायला म्हणून तोंड उघडायचं, छाती भरून घ्यायचं, आणि मग त्याचा विचारच बदलायचा. बाहेर बसलेल्या बापांना कळायचंसुद्धा नाही की आपण बाप झालो. नदीपलीकडच्या सुईणी पोराला पायाला धरून उलटं करतात आणि पाठीत थापट्या मारतात, हे कुणी सांगितलं की मावशीचं डोकं फिरायचं. "पोर आहे का घोंगडं, झटकायला? यायलाच केवढा त्रास झालाय त्याला, आणि आल्या आल्या मार? पाहुण्याला असं वागवतात का?"

आमचे धनी विप्रेख्त, त्यांनाही मावशीनेच या जगात आणलं. त्यांची आई बाळंतपणातच दगावली. दूध एका कुळवाडणीचं पाजलं, पण मांडी मावशीची. तेव्हापासून ती गढीवरच राहिली, बदकांसकट. धनी मोठे झाले, घोड्यावर बसले, तलवार बांधली, आम्ही सगळे वाकून नमस्कार करायला लागलो. मावशीला ते शेवटपर्यंत "विपो"च होते. भरल्या पंगतीत, चार सरदार पाहुणे बसलेले असताना ती पलीकडून ओरडायची, "विपो, बाही रश्शात बुडतेय!" आणि विप्रेख्त धनी, ज्यांच्यासमोर आम्ही खोकायला भ्यायचो, मुकाट्याने बाही वर करायचे.

मग त्या वर्षी वसंतात एक धर्मोपदेशक आला. मोठा गोड गळा होता मेल्याचा. मैदानात उभा राहून त्याने पवित्र भूमीची अशी काही कहाणी सांगितली की दाढीवाले बाप्ये ढसाढसा रडले. सगळा मुलूख पेटला होता, मोठमोठे सरदार निघाले होते. आमचे धनी घरी आले ते खांद्यावर लाल कापडाचा क्रूस टाचूनच. लग्नाला धड वर्षही झालं नव्हतं. ओडाबाईसाहेब पायरीवर उभ्या होत्या, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मावशीच्या तोंडून मात्र फुटला.

"हे काय लावून आलास?"

"क्रूस आहे, मावशी. जेरुसलेमला निघालोय."

"तिथं तुझं काय हरवलंय?"

"ख्रिस्ताची कबर सोडवायची आहे."

"कबर रिकामी आहे!" मावशी म्हणाली. "तो तिसऱ्या दिवशी उठून गेला. पाद्रीबुवा दर ईस्टरला सांगतात. रिकाम्या कबरीसाठी भरलं घर सोडून चाललास होय रे?"

पाद्रीबुवा शेजारीच होते. त्यांना एकदम खोकला आला.

धनी हसले, पण ऐकलं नाही. शपथ घेतली होती, संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवून, आणि ती मोडणारे ते नव्हते. निघायच्या दिवशी अख्खं गाव माझ्या दरवाजाशी लोटलं. घोडी नाचत होती, पोरं आरडत होती. फक्त मावशी आली नाही. धन्यांनी घोडा वळवला, तिच्या खिडकीखाली आले आणि वर बघून हाक मारली, "मावशी, येतो!" खिडकी बंदच. त्यांनी पुन्हा हाक मारली. मी तिथेच होतो, दरवाजाची साखळी माझ्या हातात होती, आणि अशी चीड आली मला त्या म्हातारीची! खिडकी काही उघडली नाही. धन्यांनी हात वर केला, बंद फळ्यांनाच, आणि गेले. नंतर मी तिला बोललो तर म्हणाली, "तू दरवाजा सांभाळ, मी माझी खिडकी सांभाळते." डोळे लाल होते, पण आवाज कडक.

पानं गळायच्या सुमाराला धन्यांचे घोडे सांभाळणारा मोतद्दार एकटाच परत आला. कमरेला धन्यांचा पट्टा गुंडाळलेला. त्याच्याकडे बघितल्यावर काही विचारायची गरज राहिली नाही. इटलीतल्या ज्या बंदरातून जहाजं सुटायची तिथे साथ पसरली होती, माणसं माशांसारखी मरत होती. लढाई नाही, शत्रू नाही, ताप आला आणि धनी गेले. जेरुसलेम तर सोडाच, जहाजात पायसुद्धा पडला नाही.

बाईसाहेबांना तेव्हा पोट दिसायला लागलं होतं. त्या कोसळणार एवढ्यात मावशीने त्यांचे दोन्ही खांदे पकडले. "रडायचं नाही, बाई. पोटातल्याला कळतं. आता त्याचं एवढंच काय ते उरलंय आणि ते तुमच्यापाशी आहे. रडायचं ते मूल सुखरूप झाल्यावर." मग आमच्याकडे वळली. "आणि तुम्हीही कुणी रडायचं नाही. जो रडेल त्याला मी बदकांपुढे टाकीन."

तर कुणी रडलं नाही. त्या हिवाळ्यात आमच्या गढीत असा काही शुकशुकाट होता की अंगावर काटा यायचा. बाईसाहेब पांढऱ्याफटक, कोरड्या डोळ्यांनी चरख्याशी बसायच्या. मावशी त्यांच्या पायांना तेल चोळायची. दोघी विपोचं नावसुद्धा काढत नसत. मला वाटायचं, एकदा कुणीतरी मोठ्याने ओरडा रे, मोकळे व्हा! पण हिंमत कुणाची?

आणि अशात धाकटे धनी आले. बोडो. विप्रेख्त धन्यांचे सावत्र भाऊ, बाप एकच, पण एका झाडाची फळं वाटू नयेत इतका फरक. हा माणूस हसायचा फार, आणि हसताना डोळे मोजमाप घेत असायचे. नेहमी बरोबर शिकारी कुत्र्यांची टोळी. आपल्या गढीखालचं अख्खं खेडं उठवून त्याने तिथे हरणांसाठी रान केलं होतं. ती माणसं कुठे गेली, कुणाला ठाऊक. आता तो आमच्या दिवाणखान्यात बसून खिडकीतून आमच्या शेतांकडे बघत होता, आणि त्याला तिथे हरणं दिसत होती हे मला स्वच्छ कळत होतं.

एशेनरोड्याची जमीन वाडवडिलांची, कुणाच्या चाकरीची नव्हे. मुलगा असो की मुलगी, बाईसाहेबांचं मूल जिवंत जन्मलं तर सगळं त्याचं. नाहीतर सगळं बोडोचं, आणि बाईसाहेबांची रवानगी जोगिणींच्या मठात. आता आमच्या मुलखात बाप मागे नसताना मूल जन्मलं, तर नुसतं जन्मून भागत नाही. ते रडलं पाहिजे. चार भिंतींच्या आत रडलं पाहिजे आणि बाहेर उभ्या असलेल्या चार मोकळ्या, बिनवेठीच्या पुरुषांनी ते कानांनी ऐकलं पाहिजे. आत हात लावणाऱ्या दोन बायकांची साक्ष पाहिजे, पण त्या दोघींच्या डोळ्यांनी भागत नाही, बाहेर चौघांचे कान लागतात. चौघांनी रडणं ऐकलं की मूल जन्मलं. नाही ऐकलं की कायद्याच्या दृष्टीने काही झालंच नाही.

"आणि सगळं उन्हं असेपर्यंत," बोडो हसत म्हणाला. "न्यायसभा अंधारात साक्ष घेत नाही. रात्रीच्या वेळी दाराआडून कुणाचंही पोर आत येऊ शकतं, नाही का, वहिनी?"

बाईसाहेब चरखा फिरवत राहिल्या.

साक्षीदार म्हणून माझं नाव निघालं, मग पाद्रीबुवांचं, मग गिरणीवाल्या टामोचं. चौथं नाव सगळ्यांनी एका तोंडाने घेतलं, हाइनो लोहार. असा सचोटीचा माणूस दुसरा नाही. इतरांच्या लक्षातही न आलेली पापं तो भर चर्चमध्ये कबूल करायचा. त्याने शपथेवर सांगितलं तर सैतानही मान डोलावेल. बोडो म्हणाला, "हाइनो? वा! उत्तम माणूस!" आणि जरा जास्तच हसला. जन्मभर ऐरणीशी उभ्या राहिलेल्या माणसाला काय ऐकू येणार, हा विचार आमच्या एकाच्याही डोक्यात आला नाही. बोडोच्या मात्र आला होता.

ईस्टरच्या आधीचे उपास चालू होते. बर्फ वितळून अंगणात राडा झालेला. त्या सकाळी बाईसाहेबांना कळा सुरू झाल्या आणि मावशी आत गेली. बरोबर दुसरी बाई म्हणून माझी बायको इम्मा. आत जाताना मी मावशीला अडवलं.

"मावशी, लक्षात आहे ना? रडलं पाहिजे."

"मला शिकवतोस? पोरं रडतातच."

"तुझी रडत नाहीत!"

"हे रडेल," ती म्हणाली आणि दार माझ्या नाकावर लावलं.

आम्ही चौघे बोळात, फळ्यांच्या भिंतीला लागून उभे. समोर न्यायसभेचा चोपदार, हातात काठी (साक्ष घेणारा तो, म्हणून त्याचे स्वतःचे कान मोजायचे नाहीत), कोनाड्यात ती अस्थींची पेटी. पश्चिमेला एक अरुंद झरोका, त्यातून भिंतीवर उन्हाचा पट्टा पडलेला. दुपार कलली, पट्टा वर सरकायला लागला. आणि तेवढ्यात खाली अंगणात कुत्री भुंकायला लागली. अशी तशी नाहीत, अख्खी टोळी! बोडोने त्यांना बाळंतिणीच्या खिडकीखालीच बांधलं होतं आणि शिवाय एक माणूस ठेवला होता, हाडूक दाखवून मागे घ्यायला.

"हे काय चाललंय?" मी चोपदाराला म्हणालो. "यात तोफेचा आवाज—" नाही, तोफ कुठली आमच्याकडे, मी म्हणालो, "यात चर्चची घंटा ऐकू येणार नाही, तान्हं पोर काय ऐकू येणार?"

"कुत्र्यांबद्दल कायद्यात काही नाही," चोपदार म्हणाला. सरळ माणूस, पण लाकडासारखा.

माझं रक्त उसळलं. देवडीतल्या धुराड्यात मी एक सॉसेज टांगलं होतं, मनगटाएवढं जाड, लसूण घातलेलं. ते घेतलं, अंगणात धावलो, तुकडे केले आणि दिले फेकून. क्षणात शांतता! नुसता मचमच आवाज. हाडूकवाला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. वर आलो तर पाद्रीबुवांची नजर माझ्या हातांवर.

"उपासात सॉसेज, फोल्कमार?"

"कुत्र्यांना उपास नसतो, पाद्रीबुवा."

"टांगलं होतं कुणासाठी?"

"ईस्टरसाठी!"

"एका बाजूने खाल्लेलं होतं की," टामो मधेच बोलला. झरोक्यातून बघत होता चोंबडा.

तेवढ्यात आतून बाईसाहेबांची किंकाळी आली आणि आमची तोंडं मिटली. मग इम्माचा आवाज, चिरका, आनंदाने फुटलेला, "आलं! आलं! मुलगी आहे!"

आम्ही फळ्यांना कान लावले. आता रडेल. आता. पाण्याचा आवाज आला, चुळुक चुळुक. आणि त्यामागून, देवा रे, तो गुणगुणण्याचा आवाज! घशातल्या घशात, मऊ, घुमणारा.

"मावशी!" मी दोन्ही मुठींनी भिंत बडवली. "गुणगुणू नकोस!"

आवाज थांबला. मग इम्मा ओरडली, "अगं मावशी, पाण्यात का घातलंस तिला?"

आणि मग मावशीचा आवाज आला. एवढा लहान आवाज मी तिचा जन्मात ऐकला नव्हता. "मी नाही गं घातलं. हातांनी घातलं."

"जिवंत आहे का?" पाद्रीबुवा ओरडले.

"जिवंत आहे!" इम्मा. "डोळे उघडे आहेत! माझं बोट धरलंय हिने! बघतेय माझ्याकडे!"

"बघून चालत नाही, बाई," चोपदार म्हणाला. "ऐकू आलं पाहिजे."

"आम्ही दोघी काय आंधळ्या आहोत?"

"तुम्ही दोघी पाहिजेतच. पण बाहेर चार कान लागतात."

"आठ," टामो म्हणाला. मी त्याला कोपराने ढोसलं.

उन्हाचा पट्टा आता छताच्या तुळईला टेकत आला होता. झरोक्यातून मला टेकडीवरचा सूर्य दिसत होता, लालबुंद, झाडांच्या शेंड्यांत उतरायला लागलेला. कुत्र्यांचं सॉसेजही संपत आलं असणार. आणि आत ते पोर खुशाल दुधाच्या पाण्याने ऊबदार होऊन पडलेलं, जगात कसली म्हणून तक्रार नाही! मला तिची इतकी माया आली आणि इतका राग आला की सांगता सोय नाही.

"चिमटा काढ, मावशी," इम्मा म्हणत होती.

"तू काढ."

"मला नाही धजवत. धन्यांचं पोर."

"आणि माझी कोण लागते ती? या हातांनी आजवर एका लेकराला ओरखडा नाही काढला. हिला काढू? विपोच्या पोरीला?"

"मग हरणं चरतील इथं!" मी बाहेरून किंचाळलो. "बाईसाहेब मठात जातील! काढ ना चिमटा, म्हातारे!"

"तू गप रे, दरवाजा!" ती आतून ओरडली. पण आवाज रडवेला होता.

तेव्हा बाईसाहेब बोलल्या. आवाज अगदी क्षीण, पण आम्हा तिघांना शब्द न् शब्द कळला. "मावशी, चिमटा नको. तुमच्या हातात आहे तोवर ती रडायची नाही. तिला खाली ठेवा."

"खाली फरशी आहे, बाई. दगडाची. बर्फासारखी."

"ठेवा."

मग खाट करकरली. ओल्या पावलांचा आवाज आला. खिडकीची फळी उघडल्याचा आवाज आला. पुढचं मला इम्माने नंतर सांगितलं. मावशीने पोरीचं फडकं काढलं, तिला उघडी केली आणि खिडकीखालच्या फरशीवर नुसतीच ठेवली. मग मागे मागे सरकत समोरच्या भिंतीपर्यंत गेली आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन, हातांवर सगळं अंग रेलून उभी राहिली. भिंतीत आणि पाठीत हात चेंगरून धरलेले, सुटून पुढे जाऊ नयेत म्हणून. पोरगीने मान वळवली. ऊब शोधली. मिळाली नाही.

आधी एक उचकी आली. मग दुसरी. मग अहो, काय ते रडणं! मी आजवर युद्धाची शिंगं ऐकली, पूर आल्याची घंटा ऐकली, पण असला आवाज नाही. फळ्या थरथरल्या. टामोने उडी मारली आणि त्याचं डोकं तुळईला आपटलं. पाद्रीबुवा लॅटिनमध्ये काहीतरी भराभरा पुटपुटत होते आणि डोळे पुसत होते. मी चोपदाराच्या गळ्यातच पडलो.

"बाजूला व्हा," चोपदार म्हणाला. "एकेकाने सांगा. फोल्कमार, ऐकलंस?"

"ऐकलं!"

"पाद्रीबुवा?"

"ऐकलं, देवाची कृपा."

"टामो?"

"डोकं फुटलं, पण ऐकलं."

"हाइनो?"

हाइनो आमच्याकडे बघून मंद हसत होता. "काय?" तो म्हणाला.

मला वाटलं, इथेच मरतो मी.

"रडणं ऐकलंस का रे?" मी त्याच्या कानात ओरडलो.

"कुणाचं?" हाइनो म्हणाला. मग आमची तोंडं बघून त्याला कळलं. बिचाऱ्याचा चेहरा पडला. भिंतीला कान लावला, डोळे मिटले, पुन्हा लावला. "फळी हलतेय असं वाटतंय," तो म्हणाला. "पण ऐकलं म्हणून शपथ... नाही रे फोल्कमार. खोटी शपथ कशी घेऊ?"

"अरे गाढवा, सगळं गाव ऐकतंय!"

"मी नाही ना ऐकत."

जिन्यावर बुटांचा आवाज आला. बोडो वर येत होता, अगदी सावकाश, चेहऱ्यावर तेच हसू. वर येऊन त्याने झरोक्याकडे बघितलं. सूर्य अर्धा बुडाला होता. "तिघेच झाले वाटतं," तो म्हणाला.

"काय म्हणालात?" चोपदाराने कानामागे हात धरला. आत पोरीने आता खरा सूर लावला होता.

"तिघेच झाले म्हणतो!" बोडो जोरात म्हणाला. "तेव्हा कायद्याप्रमाणे—"

पोरगी श्वास घ्यायला थांबली आणि दुप्पट जोराने सुरू झाली.

"कायद्याप्रमाणे काय?" चोपदार.

"कायद्याप्रमाणे या घरात—" बोडोचं हसू गेलं. मान लाल झाली. त्याला कुणी मधे बोललेलं खपत नसे, आणि ही तर थांबतच नव्हती. "मी सांगतोय की चौथ्या माणसाने—" पुन्हा किंकाळी. "अरे, ते कार्टं कुणीतरी गप्प करा रे! माझाच आवाज मला ऐकू येईना!"

चोपदाराने काठी जमिनीवर टेकवली.

"कोणतं कार्टं, धाकटे धनी?"

बोडोने मागे जिन्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत होतो, आणि सुख म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

"कुत्रं," तो म्हणाला. "कुत्र्याचं पिल्लू असेल."

"कुत्री खाली माझं सॉसेज खातायत," मी म्हणालो.

"मग मांजर."

चोपदाराने कोनाड्यातली पेटी उचलली आणि त्याच्यासमोर धरली. "अजून ऊन आहे. हिच्यावर हात ठेवा आणि मांजर ऐकलं म्हणा. मी तसं न्यायसभेत सांगतो."

बोडो त्या पेटीकडे बघत राहिला. त्याच्या भावाने याच पेटीवर हात ठेवून शपथ घेतली होती आणि ती पाळायला जाऊन जिवाला मुकला होता. हे त्याच्याही मनात आलं असावं. माणूस लोभी होता, पण संताच्या हाडांवर खोटं बोलण्याइतकी छाती नव्हती त्याची, आणि कुणाची असते? त्याने हातमोजा काढला. हात ठेवला.

"पोर आहे," तो म्हणाला. "भिंतींच्या आत रडतंय. मी ऐकलं."

"चार झाले," चोपदार म्हणाला.

झरोक्यातलं ऊन गेलं. बोडो जिना उतरून गेला, आणि थोड्या वेळाने कुत्री आणि घोडी माझ्या दरवाजातून बाहेर पडल्याचा आवाज आला. टामोने हाइनोला मिठी मारली. हाइनोला काय झालं ते अजून नीट कळलं नव्हतं, तरी तोही हसायला लागला. मी दार ढकललं. खरं म्हणजे पुरुषाने आत जायचं नसतं, पण त्या वेळी कोण मला अडवणार होतं!

इम्माने पोरीला उचलून बाईसाहेबांच्या कुशीत दिलं होतं, गोधडीत गुंडाळून. पोर तिथेही रडत होती. मावशी अजून त्या भिंतीशीच उभी, हात तसेच पाठीमागे. इम्माने तिला हाताला धरून पलंगाशी आणलं. हातांवर दगडाचे वळ उठले होते. बाईसाहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि आम्ही सगळे वाट बघत राहिलो, आता ही गुणगुणेल, आता पोर शांत होईल.

मावशीने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, पण गुणगुणली नाही.

"रडू दे तिला, बाई," ती म्हणाली. "तिच्या बापासाठी या घरात अजून कुणी रडलंच नाही."

बाईसाहेबांचा चेहरा वेडावाकडा झाला. आणि मग त्या रडल्या, तोंड झाकायची शुद्ध नव्हती. मावशी पलंगाच्या कडेला खाली बसली, उशीत तोंड खुपसलं आणि "विपो, विपो" म्हणून अशी ओरडली की इम्मा घाबरून मागे सरली. मी दार हळूच ओढून घेतलं आणि खाली आलो. तिघींचाही आवाज माझ्या देवडीपर्यंत येत होता.